काच बसविणारे हात

जुन्या ट्रकची समोरची काच बदलून देणारा जाणता कारागीर शोधणे हे काम वरवर वाटते तितके सोपे नाही. नव्या मोटारीची काच तडकली तर कंपनीच्या कार्यशाळेत त्या मोटारीच्या मापाची काच तयार असते, ती विशिष्ट डिंकाने चिकटविली जाते, विम्याचे कागद भरले जातात आणि मालक संध्याकाळी गाडी घरी आणतो. जुन्या ट्रकच्या वाट्याला यातले काही येत नाही. त्याची काच कोणत्याही दुकानाच्या फळीवर ठेवलेली नसते. ती मापून, कापून आणि हाताने बसवून घ्यावी लागते. आणि असे हात आता विरळ होत चालले आहेत.

आमच्या धाकट्या भावाचा मंडपाचा व्यवसाय आहे. बांबू, पडदे, खुर्च्या आणि रोषणाईचे सामान वाहून नेण्यासाठी त्याच्याकडे १९९८ सालचा एक ट्रक आहे. वसईत आपल्या लोकांची लग्ने नाताळानंतर सुरू होतात आणि उपवासकाळापूर्वी आटोपतात. पुढचा हंगाम मे महिन्यातला. मध्यंतरी धर्मग्रामांचे सण असतात. ट्रकचा प्रवास फार लांबचा नसतो, त्यामुळे इंजिन अजून धडधाकट आहे. आठ वर्षांहून जुन्या अशा व्यावसायिक वाहनाला दरवर्षी योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि तडकलेली काच घेऊन त्या तपासणीला उभे राहता येत नाही. म्हणजे काच गेली की ट्रक थांबतो, आणि ट्रक थांबला की ज्या घरांनी लग्नाचा मंडप सांगून ठेवला आहे त्यांचाही जीव टांगणीला लागतो.

त्या काळी पुष्कळसे ट्रक कारखान्यातून नुसत्या सांगाड्याच्या रूपाने बाहेर पडत. पुढची कॅबिन गावोगावचे बॉडीवाले लाकूड आणि पत्रा वापरून बांधीत. भावाच्या ट्रकची कॅबिनही अशीच आहे. समोर मधोमध एक खांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन सपाट काचा. सुताराच्या अंदाजाने बांधलेल्या या चौकटीचे चारही कोन कधी काटकोनात नसतात. डावीकडची काच उजवीकडे बसत नाही, एका ट्रकची दुसऱ्याला बसत नाही. शिवाय वर्षानुवर्षे ओझे वाहून कॅबिन थोडी पिळवटलेली असते. तेव्हा केवळ लांबीरुंदी सांगून काच आणून भागत नाही.

चालकाच्या बाजूची काच एका पावसाळ्यात खालच्या कोपऱ्यातून तडकली. दगड लागल्याची खूण कोठेच नव्हती. भावाने ती महामार्गावरच्या एका गॅरेजात बदलून घेतली. अर्ध्या तासात काम झाले. पहिल्याच मोठ्या सरीत पाणी आत येऊन चालकाच्या गुडघ्यांवर ठिबकू लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात नवी काच त्याच कोपऱ्यातून पुन्हा तडकली. तडकलेल्या काचेतून दिवसा कसेबसे दिसते. रात्री मात्र समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश प्रत्येक तड्यावर फुटतो आणि रस्त्यावर चालणारा माणूस त्या झगमगाटात हरवतो. मंडपाचे सामान बहुधा रात्रीच हलवावे लागते.

मग शोध सुरू झाला. एकाने ट्रकभोवती फेरी मारून, हा भंगारात काढा, असा सल्ला दिला. दुसऱ्याने तत्काळ होकार भरला आणि निम्म्या पैशांत काम करून देतो म्हणाला. अधिक विचारता कळले की तो खिडक्यांची साधी काच कापून बसविणार होता. दिसायला तीच, स्वच्छही तितकीच. फरक कोणाला कळणार आहे, असे त्याचे म्हणणे.

फरक कळतो तो अपघाताच्या क्षणी. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात आणि ते आत बसलेल्यांच्या तोंडावर, गळ्यावर येतात. तापवून एकदम थंड केलेली कडक काच फुटते तेव्हा तिचे बारीक बोथट दाणे होतात; पण फुटताक्षणी ती सगळीच्या सगळी जाळीदार होते आणि समोरचे दिसेनासे होऊ शकते. तिसरी जात थरांच्या काचेची. दोन काचांच्या मध्ये चिवट पारदर्शक पापुद्रा असतो. काच तडकली तरी तुकडे त्या पापुद्र्याला धरून राहतात आणि चालकाला गाडी बाजूला घेण्याइतके दिसत राहते. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचपात्र खाली पडले, आणि आतल्या बाजूला रसायनाचा पातळ थर वाळलेला असल्यामुळे ते तडकूनही विखुरले नाही; त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९०९ साली त्याने तिचे हक्क नोंदविले. आपल्याकडे १९९३ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि तीन वर्षांनंतर बनणाऱ्या वाहनांना समोरची काच अशा थरांचीच असावी, असे बंधन आले.

नियम आहे, पण जुन्या ट्रकच्या बाबतीत त्याचे पालन कोण पाहणार? कारखान्यात तयार झालेल्या काचेच्या कोपऱ्यात तिच्या जातीची खूण असते. मोठ्या तावातून कापून काढलेल्या तुकड्यावर ती खूण येईलच असे नाही. थरांची काच ओळखायची तर तिची कड पाहावी. दोन काचांमधली पापुद्र्याची रेघ तेथे दिसते. पण काच बसली की ती कड रबराच्या आत कायमची झाकली जाते. म्हणजे कामाचा पुरावा काम पुरे होताच दृष्टीआड होतो. त्यानंतर चालकाच्या चेहऱ्यापुढे काय उभे आहे हे एकाच माणसाला ठाऊक असते, ते म्हणजे काच बसविणाऱ्याला. जुन्या ट्रकसाठी कारागीर शोधणे म्हणजे ज्याच्या शब्दावर न पाहता विश्वास टाकता येईल असा माणूस शोधणे.

भावाने दुकानदारांना विचारणे सोडून दिले. महामार्गावरच्या चहाच्या टपऱ्यांवर जुन्या ट्रकचे चालक थांबतात. त्यांच्याजवळ जाऊन तो एकच प्रश्न विचारू लागला : तुमची ही काच कोणी बसविली आणि तिने किती पावसाळे पाहिले? किती पैसे पडले, किती वेळ लागला, हे तो विचारीत नसे. चार-पाच चालकांच्या तोंडून एकच नाव निघाले. वसई फाट्याजवळ, टायरवाल्यांच्या ओळीमागे, पाटी नसलेल्या एका पत्र्याच्या छपराखाली हा कारागीर बसतो. साठी ओलांडलेला, उत्तर प्रदेशातून तरुणपणी आलेला मुसलमान गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

मी त्या दिवशी भावाबरोबर गेले होते. छपराखाली काचा लाकडी घोडीला टेकवून उभ्या ठेवल्या होत्या. खाली गोणपाट होते. एकही काच आडवी नव्हती. चाचांनी प्रथम तड्याकडे पाहिले. नखाने तिचा माग काढीत ते खालच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि म्हणाले, “भाऊ, काच तडकली नाही, तिला तडकविली आहे. दुखणे चौकटीत आहे.”

त्यांनी जुने रबर सुरीने कापून काढले, काच आतून हलके रेटून बाहेर घेतली आणि चौकट उघडी केली. खालच्या कोपऱ्यात गंजाचा एक टणक फुगवटा होता. कॅबिन हलली की काचेची कड नेमकी त्यावर दाबली जाई. पहिल्या गॅरेजात तो कोणी पाहिलाच नव्हता. चाचांनी पत्रा खरवडून स्वच्छ केला आणि सांगितले, “डेंटरकडून हा पत्रा सरळ करून घ्या, वर गंज न धरणारा रंग द्या. दोन दिवसांनी या. त्याआधी मी काच लावणार नाही.” भावाला एका लग्नाची घाई होती. चाचांनी ऐकले नाही.

दोन दिवसांनी गेलो तेव्हा त्यांनी चौकटीवर जाड कागद धरून तिचा ठसा घेतला. त्या मापाला चहूबाजूंनी किंचित कमी करून, रबराची जाडी सोडून, त्यांनी थरांच्या काचेवर हिरकणीने रेघ ओढली. मग काच उलटून त्याच ठिकाणी दुसरी. दोन्ही बाजूंनी काच सुटली तरी मधला पापुद्रा धरून असतो. रेघेत थोडे स्पिरिट सोडून त्यांनी ते पेटविले, निळसर ज्योत सरसर धावली, पापुद्रा मऊ झाला आणि पात्याने तो कापला गेला. कडा पाण्याखाली घासून बोथट केल्या. मग त्यांनी तो तुकडा उभा धरून भावाला म्हटले, “कड बघून घ्या. रेघ दिसते? आता ही तुम्हाला पुन्हा दिसणार नाही.”

काचेभोवती नवे रबर चढविले. रबराच्या आतल्या खाचेत सगळीकडून एक दोरी दाबून बसविली आणि तिची दोन्ही टोके खाली एकमेकांवर घेऊन आत सोडली. साबणाचे पाणी लावले. चाचांनी बाहेरून काच चौकटीवर धरली, मदतनीस कॅबिनमध्ये बसून दोरी हळूहळू ओढू लागला. दोरी निघत जाई तशी रबराची आतली कड पत्र्यावरून उलटून बसत जाई, आणि चाचा बाहेरून त्याच जागी तळहाताने थोपटीत पुढे सरकत. हातोडी कोठेही लागली नाही. शेवटी बादलीभर पाणी काचेवर ओतले आणि चाचा स्वतः कॅबिनमध्ये जाऊन चालकाच्या जागेवर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, थेंब पडतो का ते पाहत, ते काही वेळ तसेच बसून राहिले.

मी त्यांना विचारले, साधी काच मागणारे गिऱ्हाईक आले तर काय करता? ते म्हणाले, “परत पाठवितो, ताई. तो दुसरीकडे जाऊन बसवून घेतो, हे मला कळते. पण माझ्या हातची काच कोणाच्या गळ्यात शिरली असे ऐकायला नको.” यात त्यांनी स्वतःचा मोठेपणा सांगितला नाही, आवाजात थोडी खंतच होती.

१९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. शुभवर्तमानात येशूला सुताराचा पुत्र म्हटले आहे. नाझरेथच्या त्या कामाच्या जागेतून बाहेर पडलेली एकही वस्तू आज आपल्यापाशी नाही. १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमाचे मोल काय तयार झाले यापेक्षा ते कोणी केले, याच्याशी अधिक जोडले आहे. हा विचार मी व्याख्यानांतून ऐकला होता. रबराखाली झाकली जाणारी काचेची कड पाहिली तेव्हा तो मला समजला. ज्या कामाची परीक्षा कोणी घेणार नाही ते काम नीट करणे, ही माणसाच्या अंतःकरणातली गोष्ट आहे. ती आपल्या धर्मग्रामाबाहेरच्या, वेगळ्या रीतीने प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या ठायी भेटली, याचा मला आनंदच वाटतो.

चाचांचे दोन्ही मुलगे दुसऱ्या व्यवसायांत आहेत. छपराखाली असलेला मदतनीस दोरी ओढतो, पण त्याला काच कापता येत नाही आणि तो लवकरच गावी परतणार आहे. चाचांची नजर आता संध्याकाळी अंधुक होते. आपल्या धर्मग्रामांत करिअर मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. तेथे संगणकाची, परिचारिकेच्या शिक्षणाची, परदेशी नोकऱ्यांची माहिती मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. पण दहावीला अडलेला, हाताने चांगला असलेला मुलगा त्या शिबिरात मागच्या बाकावर बसून राहतो. त्याला कोणी सांगत नाही की महामार्गावरून रोज शेकडो जुनी वाहने जातात आणि त्यांच्या चालकांचे डोळे कोणाच्या तरी हातांवर अवलंबून आहेत.

भावाच्या मंडपात काम करणारा, आमच्याच आळीतला एक मुलगा आता दर सोमवारी चाचांकडे जातो. सोमवारी मंडपाचे काम कमी असते. त्याच्या आईला हे प्रथम रुचले नव्हते. पोराला गॅरेजात कशाला घालता, असे ती भावाला म्हणाली होती. चाचांनी अद्याप त्याच्या हातात हिरकणी दिलेली नाही. सध्या तो चौकटींवरचा गंज घासतो, आणि काच बसली की पाणी ओतून कॅबिनमध्ये जाऊन बसतो.