एक द्वंद्व समास

अहमदाबादेत वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी यांची नावे सहसा वेगवेगळी घेतली जात नाहीत. ‘वसंत-रजब’ असा एकच शब्द तेथे रूढ झाला आहे. शाळेत इतरेतर द्वंद्व समास म्हणून जो आपण शिकलो, त्याचाच हा नमुना. विग्रह करावयाचा तर ‘वसंत आणि रजब’. व्याकरणकारांनी ‘द्वंद्व’ हा शब्द जोडीसाठी योजिला आणि लोकव्यवहारात तोच शब्द झुंजीसाठी रुळला, हा योगायोग आम्हांस या जोडनावापाशी नेहमीच बोचतो.

मराठी माणसाचा अहमदाबादशी संबंध जुना. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या शहराचा कारभार पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेला होता. गायकवाडांची हवेली ही त्या काळची खूण. पुढच्या काळात तेथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी दादासाहेब मावळंकर १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांचा उल्लेख आमच्या मंडळांच्या व्यासपीठांवरून वारंवार होतो, आणि तो व्हावा हे योग्यच. वसंतरावांचा मात्र होत नाही. तेही अहमदाबादचेच मराठी गृहस्थ. काँग्रेस सेवादलाचे ते कार्यकर्ते होते. त्यांच्याहून वयाने बरेच लहान असलेले रजबअली खोजा मुसलमान, आणि सेवादलातील त्यांचे सहकारी.

१ जुलै १९४६ हा रथयात्रेचा दिवस. शहरात दंगल उसळली. ती शमविण्यासाठी हे दोघे जमालपूर भागात जमावापुढे गेले आणि दोघेही मारले गेले. झवेरचंद मेघाणींसारख्या थोर गुजराती साहित्यिकाने त्यांच्यावर स्मृतिग्रंथ संपादित केला. २०१५ मध्ये गायकवाडांच्या हवेलीच्या आवारात त्यांचे ‘बंधुत्व स्मारक’ उभे राहिले. ज्या वास्तूत एके काळी मराठी फौजेचा तळ होता, तेथे एका मराठी माणसाची आठवण त्याच्या मुसलमान मित्रासह जपली जावी, याचे आम्हांस फार समाधान वाटते.

परंतु समाधानापाशी थांबता येत नाही. त्या बलिदानाने काय साधले, असे कोणी विचारील. दंगल त्या दिवशी थांबली नाही. त्याच शहराने पुढे १९६९ पाहिले, १९८५ पाहिले, २००२ पाहिले. कानपुरात १९३१ च्या मार्चमध्ये गणेश शंकर विद्यार्थी असेच दंगलीत माणसे वाचविताना बळी पडले. मग मैत्रीने शांतता नांदते हे केवळ सभेत बोलावयाचे वाक्य समजावयाचे काय?

आमच्या मते हुतात्म्यांच्या स्मरणात एक धोका असतो. मरण इतके मोठे दिसू लागते की त्यामागचे जिणे झाकले जाते. वसंत-रजब एकत्र मेले हे सर्वांना ठाऊक असते; त्याआधी ते एका संघटनेत खांद्याला खांदा लावून राबत होते, हे कोणी सांगत नाही. स्वयंसेवकांची शिस्त, सभांची व्यवस्था, वर्गण्यांचे हिशेब ही सेवादलासारख्या संघटनेची कामे. त्यांत काव्य नाही. पण जमावापुढे जाण्याची वेळ आली तेव्हा परस्परांना पारखण्यात त्यांचा वेळ गेला नसावा.

आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अलीगढ व कालिकत, हैदराबाद व लखनौ, अहमदाबाद व सुरत अशा शहरांच्या जोड्या तुलनेला घेतल्या आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, सणासुदीचे येणेजाणे, मुलांचे एकत्र खेळणे हे सारे चांगले. परंतु अफवांचे वादळ सुटले म्हणजे त्याहून अधिक टिकतात ते व्यापारी मंडळे, कामगार संघटना, क्लब यांतून बांधले गेलेले संबंध. डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेच्या जुन्या शहरात शांतता टिकली आणि आग पेटली ती मुख्यत्वे बाहेरच्या नव्या औद्योगिक वस्त्यांत. ईदेच्या शेवया आणि दिवाळीचा फराळ यांवर आमचा फार लोभ आहे, तेव्हा हा निष्कर्ष प्रथम पचला नाही. विचारांती तो पटला. फराळाचे ताट एका दिवसात परतते. सामाईक पेढीचा व्यवहार वर्षभर चालू राहतो.

याचे दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे, आणि ते एका सरकारी अधिकाऱ्याचे असल्याने या मासिकाच्या वाचकांना जवळचे वाटेल. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी बदनाम झालेले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या स्थापिल्या. त्यांत दोन्ही धर्मांची माणसे सारख्या प्रमाणात घेतली; पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसे पसंत केली; आणि बैठकांशी खालच्या पायरीवरच्या पोलिसांचाही संबंध जोडला. दंगल नसताना या समित्या भरत. दोन घरांमधली किरकोळ भांडणे, गल्लीतल्या तक्रारी हाच त्यांचा विषय. वरिष्ठांच्या टेबलावर जाण्यासही जी प्रकरणे अपात्र, त्यांवर माणसे तासन् तास बोलत, आणि बोलता बोलता एकमेकांची नावे, स्वभाव, शब्दाची किंमत ओळखू लागत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. त्या वेळी खोपडे तेथे नव्हते. त्यांची बदली झालेली होती.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही पुनःपुन्हा थबकतो. परप्रांती नेमणूक झालेल्या माणसाच्या मनात एक पळवाट नेहमी तयार असते. आपण येथले नव्हे, तीन वर्षांत चंबूगबाळे आवरावयाचे, इथल्या जुन्या वैरात आपण कशाला पडा? गणेशोत्सव, कोजागरी, एखादे नाटक एवढ्यात मराठी मंडळाचे वर्ष संपते. आणि बंगल्याच्या फाटकाबाहेरच्या दोन वस्त्यांची नावे आपण फक्त बंदोबस्ताच्या कागदावर वाचतो. वास्तविक परकेपणा हे येथे भांडवलच आहे. ज्याचे गावात शेत नाही, सोयरीक नाही, निवडणुकीत उभे राहावयाचे नाही, त्याच्या ओसरीवर दोन्हीकडची माणसे संकोचावाचून येऊन बसतात. मोहल्ला त्याला बाहेरचा मानतो, आळीही बाहेरचा मानते, आणि हा समसमान दुरावा स्थानिक माणसाच्या वाट्यास क्वचितच येतो.

उरतो तो बदलीचा प्रश्न. चार्ज देताना किल्ल्या, फायली, खुर्च्या, पंखे यांची यादी होते आणि तिच्यावर दोघांच्या सह्या होतात. कोणत्या आळीतला कोणता म्हातारा रात्री दार ठोठावले तरी उठतो, कोणत्या मशिदीच्या विश्वस्ताचा शब्द आणि कोणत्या मंदिराच्या पंचांचा शब्द खरा, हे त्या यादीत बसत नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी नव्या माणसास बरोबर घेऊन दोन्ही वस्त्यांतून एखादी संध्याकाळ पायी हिंडावे लागते. जीप शक्यतो घरी ठेवावी.