वाट सांगताना

मुलांनो, तुमच्या गावात एखादा पाहुणा रस्ता चुकला आणि त्यानं तुम्हाला वाट विचारली, तर तुम्ही काय करता? हात लांब करून “सरळ जा, मग डावीकडे वळा” असं ऐटीत सांगता ना? रस्त्यावर हे चालून जातं. चुकलाच, तर तो पुढच्या दुकानात विचारील. पण पाण्यावर? तिथं ना पाटी, ना दुकान!

आमचं गाव सिंधुदुर्गात, खाडीच्या मुखाशी. बाबा मासेमारी करायचे. मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. पाऊस नुकताच संपला होता. संकष्टीचा दिवस होता. दुपारी मी आणि माझी मैत्रीण खडकावर कालवं काढत होतो. तेवढ्यात एक पांढरीशुभ्र शिडाची नौका मुखाजवळ आली. मुंबईहून गोव्याला हौसेनं निघालेले दोघं काका तीत होते. त्यांना गोडं पाणी हवं होतं. एकानं ओरडून विचारलं, “आत यायला वाट कुठून गं?”

मी वर्षभरापूर्वी बाबांबरोबर आत-बाहेर केलं होतं. मोठ्या तोऱ्यात मी उत्तरेकडचा खडक दाखवला. “त्याला धरून या!”

नौका वळली, थोडी पुढं आली आणि गचकन थांबली. वाळूत रुतली! ओहोटी लागलेली. बघता बघता पाणी उतरलं आणि ती सुंदर नौका एका कुशीवर कलली. मी तिथून जी धूम ठोकली, ती थेट घरात.

माझं काय चुकलं होतं, सांगू? पावसाळ्यात नदीचा लोंढा आणि समुद्राच्या लाटा मुखावरची वाळू इकडची तिकडे करतात. गेल्या वर्षीची वाट यंदा तिथंच असेल असं नाही. शिवाय आमची होडी कमरेएवढ्या पाण्यातही तरंगते; त्या नौकेला मात्र खाली खोलवर गेलेला जड कणा असतो. तिला जास्त पाणी लागतं. यातलं काहीच मला माहीत नव्हतं, तरी मी सांगून मोकळी झाले होते.

बाबा आणि शेजारचे दोघं होड्या घेऊन गेले. आमच्याकडे भरतीचा साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारची भरती येऊन गेली होती, पुढची पहाटे तीनच्या सुमाराला! तोवर थांबण्याशिवाय इलाज नव्हता. बाबांनी नौकेचा नांगर होडीतून खोल पाण्यात नेऊन टाकला आणि त्याचा दोर नौकेवर ताणून बांधला. पाणी चढलं की तोच दोर ओढून नौका मागं घ्यायची. चंद्र उगवल्यावर आईनं उपास सोडला आणि सगळ्यांसाठी भाकऱ्या थापल्या.

पहाटे नौका सुटली. सकाळी ते काका आमच्या अंगणात चहा प्यायला आले. बाबांनी विचारलं, “त्या बाजूनं कुणी सांगितलं तुम्हाला?” मी आईच्या पदराआड. काकांची नजर माझ्यावर गेली. ते म्हणाले, “आमचीच चूक झाली. नीट चौकशी करायला हवी होती.”

खरं सांगते, ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला रडू फुटलं. “बाबा, मी सांगितलं!”

बाबांनी मारलं नाही. एवढंच म्हणाले, “म्हायत नाय म्हणूक लाज कसली गो?”

काकांनी पैसे पुढं केले. बाबांनी ते हसून परत केले. उद्या आपली होडी दुसऱ्याच्या गावी अडली तर, असं त्यांचं म्हणणं.

त्याच आठवड्यात बाबांनी मला होडीत घेतलं, हातात खुणा केलेला बांबू दिला आणि मुखावरची खोली मोजायला लावली. वहीच्या पानावर मी नकाशा काढला: खडक कुठं, वाळू कुठं, खोल पाणी कुठं. कोपऱ्यात तारीख घातली. तो नकाशा आम्ही काकांना पोस्टानं पाठवला.

पुढं शिक्षिका झाल्यावर वाचलं, की जगभर अशी माणसं आहेत. 1954 साली इंग्लंडमध्ये ‘ओशन क्रूझिंग क्लब’ स्थापन झाला. त्याचे स्वयंसेवक अनेक देशांतल्या बंदरांत असतात. नांगर कुठं टाकावा, शीड कोण शिवून देईल, हे ते दूरवरून येणाऱ्या नौकांना विनामोबदला सांगतात. अटलांटिक महासागरात पोर्तुगालचं फायाल नावाचं बेट आहे. तिथल्या होर्ता बंदरात 1918 साली सुरू झालेलं ‘पीटर कॅफे स्पोर्ट’ आहे. या कॅफेनं वर्षानुवर्षं दर्यावर्दींची पत्रं सांभाळून ठेवली. घरून आलेलं पत्र महिनाभर समुद्रावर असलेल्या माणसाच्या हाती पडलं, की त्याला काय वाटत असेल! आणि निघताना बंदराच्या भिंतीवर आपल्या नौकेचं चित्र काढायचं, नाहीतर प्रवास सुखाचा होत नाही, असं ते खलाशी मानतात.

आमच्या शाळेला असं रंगीत बंदर नाही. पण दरवर्षी नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला, की मी खाडीचा नवा नकाशा फळ्यावर काढते. खोली पालक मोजून आणतात, कोपऱ्यात तारीख मुलं घालतात.

तुमच्या गावाला खाडी नसेल, तरी एसटीचा थांबा, दवाखाना, पिण्याचं पाणी तर आहे ना? या सुट्टीत पाहुण्यांसाठी तुमच्या गावाचा नकाशा काढा. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन बघा, मगच मांडा. आणि एखादी वाट ठाऊक नसेल, तर “मला माहीत नाही, थांबा, विचारून येतो” म्हणा. तेवढं म्हटलं, तरी पाहुण्याला मदतच होते, बरं का!