टाळ कुठं गेले?



आमच्या गावच्या भजनी मंडळात मी तीस वर्षं पखवाज वाजवतो आहे. धुमेला कणीक किती लावायची, शाईची बाजू किती चढवायची, हे कानच सांगतो. तिथं दुसरं माप नाही. त्यामुळं मला माझ्या कानाचा अभिमान होता. तो कसा उतरला, ते आज सांगतो.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या मुलानं मला स्मार्टफोन आणून दिला आणि त्यात पंडित भीमसेन जोशींचे अभंग भरून दिले. फोन ओट्यावर ठेवून ऐकू लागलो, तर गाणं ऐकू येई, पण पखवाजाची धुम गायब! मुलगा म्हणाला, "आबा, फोनमधला पडदा नखाएवढा. तो हवा कितीशी हलवणार? खर्जाला हवा लागते." पखवाजाचं डावं तोंड मोठं का असतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच पटावं.

मग त्यानं इयरफोन दिला. त्याच्याबरोबर लहान, मधली, मोठी अशी रबरी बोंडं येतात. आपल्या कानात घट्ट बसेल ते निवडायचं. बोंड सैल असलं, की फुटक्या पाटातून पाणी जावं तसा खर्ज गळून जातो. मला मोठं बोंड बसलं आणि पखवाजाची धुम थेट काळजात उतरली. डोळ्यांत पाणी आलं हो!

तिथून चटकच लागली. नांगरट असो, पेरणी असो, ट्रॅक्टरवर बसलो की कानात अभंग. ट्रॅक्टरच्या आवाजात गाणं बुडे, म्हणून मी आवाज वाढवी. दिवसाला पाच-सहा तास, असे दोन हंगाम गेले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ध्यानात आलं, की गाण्यातले टाळ ऐकू येत नाहीत. गाणं आहे, पखवाज आहे, पण टाळांची किणकिण बोथट झालेली. इयरफोन बिघडला असं समजून दुप्पट पैशांचा नवा आणला. तेच. गाणं हलक्या प्रतीचं भरलं असेल म्हणून मुलाला बोललो. त्यानं 128 किलोबिटचं काढून 320 किलोबिटचं भरलं. हलक्या प्रतीत बारकावे जातात हे खरं, पण माझे टाळ काही परतले नाहीत.

शेवटी आठ वर्षांच्या नातीला म्हटलं, "बघ गं, तुला टाळ येतात का?" तिनं इयरफोन कानात घातला आणि झटकन उपसून टाकला. "आबा, टाळ येतात की! पण केवढा मोठा आवाज लावलाय तुम्ही!"

पुढच्या एकादशीला भजनात मुद्दाम लक्ष दिलं. शेजारी बसलेल्या टाळकऱ्याचे टाळही मला तसेच बोथट लागले. त्या रात्री मला झोप आली नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी यंत्रावर कान तपासले. म्हणाले, "उंच सुरांची बाजू खचली आहे. थोडं वयाचं, बरंचसं आवाजाचं." कानाच्या आत शंखासारखा भाग असतो. त्यात सुमारे 15 हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं आधी उंच सुरांच्या पेशी मरतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. इथं दुबार पेरणी नाही.

त्यांनी हिशेबही सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा; मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबलची. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. म्हणजे 90 डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. केबिन नसलेला ट्रॅक्टरच 90 च्या घरात जातो आणि मी त्याच्या वरताण गाणं लावत होतो! आठवड्याचा शिधा मी एका दिवसात संपवत होतो.

म्हणून मंडळी, एवढं करा. ट्रॅक्टरवर आणि मळणीयंत्रापाशी गाणं नको; तिथं कानात स्पंजाचे बोळे घाला. एरवी ऐकायचं तर शांत जागी, नीट बसणारं बोंड लावून. बोंड बसलं, की आवाज वाढवायची गरजच पडत नाही. शेजारच्यानं हाक मारली तर ऐकू आली पाहिजे, एवढाच ठेवा. कानात शीळ घुमू लागली, तर तपासून घ्या. माझ्यासारखा नवा इयरफोन आणू नका.

पखवाज मी अजून वाजवतो. मात्र टाळकऱ्याला आता समोर बसवतो आणि त्याच्या हातांकडं बघून ठेका धरतो. आज रात्री तुमच्या घरातलं पोर कानात बोंड घालून बसलं असेल, तर त्याला हळूच हाक मारून बघा. त्यानं मान वळवली, तर ठीक.