भिंतीवरचं लाल चाक

आमच्या शाळेच्या जिन्याजवळ भिंतीवर एक मोठं लाल चाक आहे. त्यावर काळा रबरी पाइप गुंडाळलेला. मुलं त्याला 'अजगर' म्हणतात. त्याचं खरं नाव होज रील. ते मला चांगलं पाठ होतं, कारण आपत्ती व्यवस्थापनाच्या रजिस्टरमध्ये 'होज रील – सुस्थितीत' असं दर सहा महिन्यांनी मीच लिहीत होते. सहा वर्षांत मी त्याला एकदाही हात लावला नव्हता.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मधल्या सुट्टीत स्टोअररूममधून धूर आला. आत विज्ञान प्रदर्शनाचं थर्माकोल, जुने तक्ते, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणते, धावत गेले आणि त्यांनी अजगराचं तोंड धरून पाइप ओढला. वीस-पंचवीस पावलं ओढला. तोटी फिरवली. पाणी आलं नाही. मी मागून ओरडत होते, "मामा, उलटं फिरवा!" पण कुठं काय फिरवायचं, हे मला तरी कुठं माहीत होतं! तोवर एका सरांनी मेन स्विच बंद केला होता. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी बांधकामाची वाळू घमेल्यांनी आणून टाकली. आग विझली. अल्लाहचा शुक्र, कुणाला काही झालं नाही.

संध्याकाळी मामा पायरीवर बसून होते. म्हणाले, "मॅडम, मी ओढला हो. पाणीच आलं नाही." सगळे म्हणाले, माल डुप्लिकेट असणार. मी गप्प बसले. रजिस्टरमधलं 'सुस्थितीत' माझ्या अक्षरात होतं.

त्या रात्री मी वाचायला बसले. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागून 94 मुलं गेली. आगीची सुरुवात माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून झाली होती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि 13 एप्रिल 2009 च्या निकालात शाळांनी आग विझवण्याची साधनं बसवावीत, एवढंच नाही, तर शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना ती वापरायला शिकवावं, असंही सांगितलं गेलं. मी इतकी वर्षं शिक्षिका आहे. बी.एड.मध्ये पाठ टाचण कसं काढायचं ते शिकले, हे कुणी शिकवलं नाही.

मग शिकवणारा शोधायला लागले. साधनांची तपासणी करणाऱ्या एजन्सीला फोन केला. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून साधनं चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते आमच्याकडं होतं. "ट्रेनिंगचं वेगळं बघावं लागेल," असं उत्तर मिळालं. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, मुंबईला अग्निशमन अकादमी आहे, पण ती ज्यांना हीच नोकरी करायची त्यांच्यासाठी. आम्हाला हवे होते फक्त दोन तास. शेवटी एका सहकाऱ्यानं विचारलं, "नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात विचारलंत का?" ते माझ्या बाजाराच्या रस्त्यावर होतं. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन गेले. ते म्हणाले, "14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह आहे. तेव्हा येतो."

शाळेत मात्र नवाच प्रश्न निघाला. एप्रिलमध्ये पाणी सोडून बघायचं? आपला जिल्हा कोणता, दिवस कोणते! 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. "टँकर विकत घेतोय आणि तुम्ही खेळ करणार?" असं एक जण म्हणाले. त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. तोडगा मावशींनी काढला. पाइपचं तोंड कडुलिंबाच्या आळ्याकडं धरायचं.

अग्निशमनवाले दोघं आले. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात 66 अग्निशमन जवान गेले आणि त्यांच्या आठवणीत हा सप्ताह असतो, हे त्यांनी आधी सांगितलं. मग चाकाच्या मागं हात घातला आणि भिंतीलगतचा व्हॉल्व्ह दाखवला. सहा वर्षं तो तिथंच होता. "आधी हा उघडायचा. तोटी हातात घेऊन पाणी येतंय का बघायचं. मग ओढत जायचं." हा पाइप कडक असतो, चाकावर गुंडाळलेला असतानाही त्यातून पाणी जातं. मामांचं एवढंच राहिलं होतं.

त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. फुस्स आवाज आला, थोडी धार आली आणि बंद पडली.

गच्चीवर गेलो. टाकी तळाला लागलेली. आगीसाठीच्या टाकीचं पाणी आम्ही उन्हाळाभर स्वच्छतागृहाला वापरत होतो. तेही माझ्याच आग्रहानं. पाणी नसलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत. म्हणजे फेब्रुवारीत मामांनी व्हॉल्व्ह उघडला असता, तरी किती धार आली असती कुणास ठाऊक. मी खाली मान घालून उभी होते. ते गृहस्थ रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, वापराच्या पाण्याचा पाइप टाकीच्या वरच्या भागातून काढा. खालचं पाणी आपोआप राखीव राहील." प्लंबरचं एका दिवसाचं काम होतं.

जुलैमध्ये पाऊस झाल्यावर ते पुन्हा आले. या वेळी सगळ्यांनी हात लावला, पहिले मामा. एकानं चाक सोडायचं, एकानं ओढायचं. धार ज्वाळेवर नाही, बुडावर मारायची. बाहेर पडायची वाट पाठीमागं ठेवायची. वीज चालू असेल तिथं पाणी नाही. तेलाच्या कढईवर तर नाहीच. गॅस बंद करून झाकण ठेवायचं. आग हाताबाहेर जातेय असं दिसलं, की पाइप टाकून मुलांना घेऊन बाहेर, आणि 101 ला फोन. तो फोन तर आधीच कुणाला तरी करायला सांगायचा. ओढणी कमरेला खोचायची, हे मी आपणहून केलं. पाइप साधारण 30 मीटरचा. शेवटच्या वर्गापर्यंत पोचला, स्वयंपाकघरापर्यंत नाही. तिथं आता वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर ठेवलाय.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. काही मुलं व्याकरणात पैकीच्या पैकी घेतात आणि बँकेत गेली की दोन वाक्यं बोलता येत नाहीत. त्यांच्यावर मी चिडायचे. आता कमी चिडते.

तुमच्या मदरशात, मशिदीत, शादीखान्यात, दवाखान्यात असं लाल चाक असेल, तर या शुक्रवारी त्याच्या मागं हात घालून बघा. टाकीत डोकावा. जवळच्या अग्निशमन केंद्राला एक पत्र द्या.

या जानेवारीत रजिस्टर पुन्हा माझ्यापुढं आलं. मी लिहिलं : 'होज रील – पाणी सोडून पाहिले. टाकी भरलेली. पाइप मामांनी व मी ओढला.' रकाना लहान होता, अक्षर बाहेर गेलं.