जाळरेषा

"जंगल वाचवायला जंगलच जाळतात? कमाल आहे!" माझ्या पुणेकर रूममेटने मेसमध्ये असं विचारलं आणि सगळे हसले. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

माझे बाबा मेळघाटात वनरक्षक आहेत. आपल्याला जशी सबमिशनची तारीख, तशी त्यांना १५ फेब्रुवारी. त्या दिवसापासून १५ जूनपर्यंत आगीचा हंगाम. त्याआधी बीटमधल्या जाळरेषा जाळून व्हायला हव्यात. फरक इतकाच की त्यांना एक्स्टेन्शन मिळत नाही!

जाळरेषा म्हणजे जंगलातला मोकळा पट्टा. त्याच्या दोन्ही कडांचं गवत आधी कापायचं, वाळवायचं, मधे ओढायचं. मग वाऱ्याच्या विरुद्ध सरकेल अशी आग लावायची. ती हळू चालते, ज्वाळा बुटक्या राहतात. दोन्ही अंगांना माणसं हिरव्या फांद्या घेऊन उभी. इंधन, ऑक्सिजन, उष्णता हा त्रिकोण आपण शिकलोय. जंगलात त्यातलं हातात असतं ते फक्त इंधन. एप्रिलमध्ये सागाच्या पाचोळ्यातून वणवा धावत येतो आणि या पट्ट्यावर त्याला खायला काही मिळत नाही. (जोराचा वारा असला तर ठिणग्या पलीकडे उडतात, तेव्हा पळापळ आलीच.)

खरी गोम वेळेत आहे. गवत ओलं तर पेटत नाही. फार वाळलं तर जाळरेषेचाच वणवा व्हायचा. बाबा गवत मुठीत चुरगळून बघतात. हल्ली उपग्रहाला आग दिसली की मोबाईलवर मेसेज येतो. चांगलंच आहे, पण तो येतो आग लागल्यावर. विझवायला माणसालाच डोंगर चढावा लागतो.

मोहाच्या दिवसांत फुलं नीट दिसावीत म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा पेटवतात. ती आग सुटली की वणवा, आणि मग सगळे त्यांना 'आगलावे' म्हणून मोकळे. मला हे पटत नाही. जाळरेषेवर मजूर म्हणून येतात ती हीच कोरकू माणसं, आणि वाऱ्याची जाण त्यांना बाबांपेक्षा कमी नाही. डिसेंबरात ज्यांच्या हाती आपण काडी देतो, मार्चमध्ये तेच गुन्हेगार?

गेल्या वर्षी बाबांनी जाळरेषा संपल्यावर त्याच माणसांना सोबत घेतलं. गावाजवळच्या मोहांखालचा पाचोळा झाडून ढीग केले आणि जवळ उभं राहून जाळले. म्हाताऱ्या बाया आधी हसल्या, मग स्वतःच खराटे घेऊन आल्या. त्या उन्हाळ्यात बाबांच्या बीटकडे एकच आग आली, तीही शेजारून. रात्री दोनला ती जाळरेषेवर अडली.