ठाणे ते कल्याण : अर्ध्या डब्याचा प्रवास

ता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली उतारूंची पहिली आगगाडी चौतीस किलोमीटरांचा पल्ला तोडून ठाण्यास येऊन पोहोचली, आणि पुढल्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, तो लोहमार्ग कल्याणास जाऊन भिडला. या मार्गावर पुढे डोंबिवलीसारखी पांढरपेशा कुटुंबांची मोठी वस्ती वाढली, व आज येथील नोकरदार स्त्रीपुरुषांची सारी दिनचर्या गाडीच्या वेळापत्रकावर बेतलेली असते. गावाची ओळख देवळांवरून व किल्ल्यांवरून करून द्यावी, ही प्रवासवर्णनाची रूढी आहे. आम्ही मात्र वाचकांस येथल्या ताटांकडे पाहत नेणार आहोत. कारण या ताटांत अलीकडे एक पालट झाला आहे, आणि तो नुसत्या कौतुकाने पाहून सोडून देण्याजोगा नाही.

ठाण्यास उतरून प्रथम मासुंदा तलावाकाठी जावे. त्यास गावकरी ‘तलावपाळी’ म्हणतात. कोपिनेश्वराच्या देवळातील घंटानाद ऐकू येत असतो, आणि पाण्याभोवती शेकडो माणसे झपाझप चालत असतात. हे दृश्य मोठे आशादायक आहे. आपल्या लोकांत स्थूलता व मधुमेह वाढला आहे, ही गोष्ट खरी. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक डॉक्टर काढतात, तो भारतीयांच्या बाबतीत २३ च्या वर गेला तर सावध व्हावे व २५ च्या वर गेला तर ती स्थूलता समजावी, असे येथील तज्ज्ञांनी ठरविले आहे. तेव्हा वजनाची काळजी करणे हे खूळ नव्हे. परंतु चालता चालता जी संभाषणे कानी पडतात, ती ऐकून मात्र मन साशंक होते. कोणी रात्रीचे जेवण सोडलेले असते, कोणी पोळी वर्ज्य केलेली असते, तर कोणी महिनाभर काकडी व ताकावर काढल्याचे अभिमानाने सांगत असते. मामलेदार कचेरीजवळच्या प्रसिद्ध मिसळीचे नाव निघाले की मंडळी उसासा टाकतात. एके काळी एकादशीचे पुण्य मोजीत, आता उतरलेले किलो मोजतात, एवढाच भेद!

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीच्या महिलांच्या डब्यात तर या विषयाची शाळाच भरते. भाज्या निवडणे, मटार सोलणे हे उद्योग तेथे पूर्वापार चालत आलेले आहेत. त्यांच्या जोडीला हल्ली परस्परांच्या आहाराचे हिशेब असतात. सकाळी कोरा चहा व दोन बिस्किटे, दुपारच्या डब्यात एक पोळी व थोडी भाजी, संध्याकाळी एखादे फळ, रात्री वाटीभर सार. आम्ही मनाशी बेरीज केली, तर ती सात-आठशे उष्मांकांच्या पुढे जाईना. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात बैठे काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या स्त्रीची रोजची गरज १६६० उष्मांक धरली आहे. म्हणजे निम्म्यावर दिवस निघतो. त्यातून ही स्त्री बैठे काम करणारी तरी कोठे असते? पहाटे उठून चौघांचे डबे भरणे, जिने चढणे, दोन्ही वेळा गर्दीत उभ्याने प्रवास, आणि घरी परतल्यावर पुन्हा चूल! आठशेच्या खालचा आहार ही औषधोपचाराची बाब असून तो वैद्यकीय देखरेखीवाचून घेऊ नये, असे डॉक्टर बजावतात. आमच्या भगिनी तो शेजारणीच्या सल्ल्याने घेतात.

डोंबिवलीस उतरले की पोळीभाजी केंद्रे दिसू लागतात. घरी परतणाऱ्या गृहिणीचा भार हलका करणाऱ्या या संस्थेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तव्यावरून उतरलेली मऊ पोळी, उसळ, पालेभाजी, आमटी असे चौरस अन्न येथे हाती मिळते. परंतु ते मुलांसाठी व यजमानांसाठी घरी जाते, आणि ती स्वतः मात्र ‘मला नको’ म्हणून बाजूस बसते. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर तरुणाईचा जो मेळा जमतो, तो पाहून डोळे निवतात. पण त्या दिवशी साडी शोभून दिसावी म्हणून आधीचे कित्येक दिवस पोटाला चिमटा घेणाऱ्या मुली त्यात असतात, हे विसरून चालणार नाही. स्थळे पाहावयास लागली की ‘थोडी बारीक हो’ हा उपदेश त्यांना घरातूनच मिळतो. आधीच महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्यावर हे लंघन म्हणजे दुष्काळात तेरावा महिना होय.

अल्पाहाराने घडते काय? शरीर हे काटकसरी संसारासारखे आहे. मिळकत एकाएकी आटली की ते खर्च कमी करते. विसाव्याच्या वेळी जळणारे इंधन घटते, हातपाय गार पडतात, उत्साह मावळतो. मग ठेव मोडावयास लागते, आणि तीत चरबीबरोबर स्नायूही जातात. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात. तरुण स्त्रीची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि ती दीर्घकाळ थांबली तर हाडे ठिसूळ होतात. वजन फार झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळले, तर साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपू शकते. गाडीच्या दारात उभ्या असलेल्या माणसास असे झाले तर काय प्रसंग ओढवेल, हे सांगावयास नको.

मनावर होणारा परिणाम याहूनही विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग केला. त्यांना रोज सुमारे १५७० उष्मांक मिळत व चालणेही पुष्कळ असे. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर ते चिडखोर, उदास व एकलकोंडे झाले. त्यांना दिवसरात्र अन्नाचेच विचार येत, आणि कित्येक जण पाकशास्त्राची पुस्तके वाचण्यात रमू लागले. प्रयोग संपल्यावर पोटभर खाऊनही काहींची भूक भागेना. उपाशी माणूस एक दिवस पातेल्यावर तुटून पडतो, तो त्याचा दुबळेपणा नसून शरीराचा धर्म आहे, हे यावरून ध्यानी येते.

कल्याण हे या मार्गावरील प्राचीन बंदर. खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला, काळा तलाव, १८६४ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, आणि ज्याच्यासाठी लोक रांगा लावतात तो खिडकी वडा, ही सारी पाहण्यासारखी व चाखण्यासारखी आहेत. परंतु आम्हांस कल्याणात आठवण होते ती आनंदीबाई जोशी यांची. कल्याणच्या जोशी घराण्यात वाढलेली ही मुलगी १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. तेथील कडाक्याची थंडी व न मानवणारे अन्न यांत तिची प्रकृती ढासळली. क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचा अंत झाला, तेव्हा तिला बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अपुरे अन्न व क्षय यांचे सख्य जुने आहे. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्या मंडळींस पुरेसा शिधा पुरविल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. आनंदीबाईंची उपासमार परिस्थितीने लादलेली होती. आज भरल्या घरात ती आपण होऊन ओढवून घेतली जाते, याचे वैषम्य वाटते.

शिवाय ज्या काट्याला आपण देव मानतो, तो तरी खरे सांगतो काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३, भरला, परंतु अंगातील चरबी मोजता युडकिनांची ९.१ टक्के व याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. हे टिपण २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तात्पर्य, आपली अडचण पुष्कळदा वजनाची नसून स्नायू कमी व चरबी अधिक असण्याची आहे. उपासाने स्नायूच गमावणे म्हणजे रोग सोडून रोग्यास मारणे होय. आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. चरकाच्या सूत्रस्थानात निंद्य म्हणून जी आठ शरीरे सांगितली आहेत, त्यांत अतिस्थूलाच्या शेजारीच अतिकृश बसविला आहे.

मग करावे काय? वजन उतरवावयाचे तर आठवड्यास अर्धा किलो पुरे. साखर, मैदा, तळण व बिस्किटे आवरावी. डाळी, उसळी, दही, पालेभाज्या मात्र वाढवाव्या. तलावपाळीच्या फेऱ्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा थोड्या वजनी व्यायामाची जोड द्यावी. चक्कर येणे, पाळी चुकणे, केस गळणे ही लक्षणे दिसताच डॉक्टर गाठावा. आणि खाणेच पाप वाटू लागले, जेवून उलटी करावीशी वाटली, तर तो मनाचा आजार आहे असे समजून सल्ला घ्यावा. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर तो विनामूल्य मिळतो. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलीच्या बांध्यावर टीका करण्याऐवजी तिचा डबा एकदा उघडून पाहावा, व रात्रीच्या पंगतीत सर्वांबरोबर तिचेही पान मांडावे. दिवसभर गाडीत उभी राहून आलेल्या माणसाचा तेवढा हक्क आहे.