बोटीच्या अलीकडे, बोटीच्या पलीकडे

एस.टी.च्या नोकरीत मी बत्तीस वर्षे काढली. त्यांपैकी शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. स्थानकावरच्या कर्ण्यातून "गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी घाई करू नये" असे सांगणारा जो खर्जातला आवाज सोलापूरकरांनी ऐकला असेल, तो बहुधा माझाच. अशा माणसाला वेळापत्रकाची घमेंड असते. गाडी चुकली म्हणून रडकुंडीला आलेल्या किती बायाबापड्यांना मी खिडकीतून सांगितले असेल, "अहो बाई, रडता कशाला? तासाभरात दुसरी येतेय!" हे वाक्य माझ्या अंगात इतके मुरले होते की, जगात दुसरी गाडी नसलेलीही वाहने असतात, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मुंबईच्या भर दुपारच्या उन्हात घामाने निथळताना कळले.

त्याचे असे झाले. २०२४ सालच्या नोव्हेंबरात मुलाने आम्हां दोघांना एका मोठ्या प्रवासी बोटीची तिकिटे काढून दिली. मुंबईहून संध्याकाळी निघायचे, सकाळी गोवा, रात्री परत निघून तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मुंबई. दोन रात्रींची हौस. मला हौस नव्हती. मी देशावरचा माणूस. पाणी म्हटले की मला उजनी धरण आठवते, आणि तेवढे मला पुरे आहे. हौस होती ती सौभाग्यवतींची.

ती मालवणची. १९६९ साली, अकरा वर्षांची असताना, ती मामाच्या बोटाला धरून कोकणच्या बोटीने मुंबईला आली ती शिकायला आणि राहायला. त्या काळी बोट मालवणच्या धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही, आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळे पडावात बसून बोटीपर्यंत जात असे. तिची आई किनाऱ्यावर उभी होती. पडाव हलला, आई लहान लहान होत गेली, आणि मग माडांत मिसळून दिसेनाशी झाली. त्याच पावसाळ्यात आई वारली. पावसाळा म्हणजे बोट बंद. मामा तिला घेऊन खुष्कीच्या वाटेने पोचला, तोवर दहावे उलटले होते.

पुढे लग्न होऊन ती सोलापूरला आली. माहेरी जायची ती घाटातून, आमच्याच एस.टी.ने, फुकट पासावर. मधल्या काळात कोकणची बोट बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि पडाव, बोट, हर्णै-जयगडचे मुक्काम ही आजीच्या गोष्टीतली नावे झाली. पण हिच्या मनातून तो किनारा गेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती जपायची, असे त्यांनी सांगितले. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "एकदा समुद्रातून मालवण बघायचं होतं."

तर अशा प्रवासाची आखणी माझ्याकडे आली, आणि मी ती माझ्या पद्धतीने केली. बोट संध्याकाळी पाचला सुटणार. तिच्यावर चढण्याचे दार तीनला बंद. सोलापूरहून पहाटे निघणारी गाडी दुपारी साडेबारा-पावणेएकला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सोडते. तिथून बंदर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटे. म्हणजे हाताशी दोन तास! एवढ्या वेळात आषाढीला मी पंढरपूरच्या किती जादा गाड्या सोडल्या असतील!

"अहो, आदल्या दिवशी जाऊ," ती म्हणाली. "दादरला मावशींकडे राहू एक रात्र."

"उगाच कशाला कुणाला त्रास? दोन तास काय थोडे झाले?"

ती रागावली की मालवणीत शिरते. "बोट सुटली तर काय पेवत जातलात?" म्हणजे पोहत जाणार का. मी हसलो. हसायला नको होते.

कर्जतच्या अलीकडे, घाटाच्या तोंडाशी आमची गाडी उभी राहिली. पुढे एक मालगाडी बंद पडली होती. पहिली वीस मिनिटे मी शेजारच्या प्रवाशाला घाटातल्या वाहतुकीविषयी ज्ञान दिले. चाळिसाव्या मिनिटाला माझे ज्ञान संपले. सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत होती. एक शब्द बोलली नाही, आणि त्या न बोलण्याने मला जास्त घाम फुटला. मुंबईला उतरलो तेव्हा घड्याळात पावणेदोन वाजत होते.

आता पुढची चूक निव्वळ माझी. बाहेर येऊन टॅक्सीत बसलो आणि घाईघाईने म्हणालो, "बोटीवर जायचंय, लवकर चला!" ही मागून म्हणाली, "भाऊचा धक्का." तिच्या लेखी मुंबईची बोट म्हणजे भाऊचा धक्का. दुसरे बंदर तिला ठाऊक नव्हते, आणि मला तर कुठलेच नव्हते. टॅक्सीवाल्याने पी. डिमेलो मार्गावरून सरळ उत्तरेला गाडी काढली आणि माझगावकडे भाऊच्या धक्क्यावर आणून उभी केली. समोर मासळीच्या टोपल्या, बर्फाच्या गाड्या, रेवसची लाँच आणि मांडव्याला जाणारी, मोटारीसुद्धा पोटात घेणारी रो-रो बोट. आमच्या दहा मजली बोटीचा मागमूस नाही.

मी तिकीट काढून टॅक्सीवाल्याच्या नाकासमोर धरले. त्याने ते शांतपणे वाचले आणि म्हणाला, "काका, ही बॅलार्ड पियरची. स्टेशनाजवळच होती. उलट आलो आपण."

दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. मी मटकन बसलो. आणि ही? ही टॅक्सीतून उतरली होती. धक्क्याच्या कठड्याशी उभी राहून पाण्याकडे पाहत होती. मी हाक मारली तेव्हा म्हणाली, "इथेच उतरलो होतो आम्ही. मामाने मला भजी घेऊन दिली होती." मग माझा चेहरा पाहिला आणि स्वतःच दार उघडून आत बसली. "चला," ती म्हणाली. "आता बोलू नका. त्याला गाडी चालवू द्या."

त्या भल्या माणसाने आम्हांला दोन वाजून बेचाळीस मिनिटांनी बॅलार्ड पियरच्या ग्रीन गेटाशी पोचवले. पुढे सामानाची तपासणी, ओळखपत्रांची तपासणी, रांग. आम्ही चढलो आणि मागे पाहिले, तर आमच्या पाठी फक्त एक नवविवाहित जोडपे होते.

वाचकहो, माझी फजिती ऐकून झाली. आता त्यातून जे शहाणपण आले ते पदरात घ्या, कारण बोटीच्या प्रवासात खरी दगदग बोटीवर नसते, ती अलीकडच्या आणि पलीकडच्या जमिनीवर असते.

बाहेरगावाहून येणाऱ्याने आदल्या दिवशी मुंबई गाठावी. नातेवाईक नसतील तर रेल्वेचे विश्रामकक्ष आहेत. तिकिटाच्या क्रमांकावर ते आधी राखून ठेवता येतात. टॅक्सीवाल्याला "बोट", "बंदर" असे मोघम सांगू नये. गेटवेवरून घारापुरीच्या लाँच सुटतात, भाऊच्या धक्क्यावरून रेवस-मांडवा, आणि मोठ्या प्रवासी बोटी बॅलार्ड पियरवरून. तिन्ही ठिकाणे वेगळी. "बॅलार्ड पियर, ग्रीन गेट" एवढे चार शब्द पाठ करावेत.

मोठी पेटी धक्क्यावरच चिठ्ठी लावून ताब्यात घेतात. ती दोन-तीन तासांनी तुमच्या खोलीच्या दाराशी येते. तेव्हा औषधे, चष्मा, डोळ्यांत घालायचे थेंब आणि मूळ ओळखपत्रे हातातल्या पिशवीत हवीत. हिचे थेंब मी मोठ्या पेटीत ठेवले होते. चारचे थेंब साडेसहाला पडले. खाण्याचे डबे, इस्त्री, पाणी तापवायची किटली असल्या वस्तू काढून घेतात. आमचा शेंगाचटणीचा पुडा तिथेच राहिला. बोटीवर पाय ठेवल्यावर संकटकाळी कुठे जमायचे, तरंगजाकीट कसे बांधायचे, याची कवायत असते. ती चुकवू नये. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट खडकाला लागून कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची ही कवायत व्हायची होती. म्हणून २०१५ पासून जगभर नियमच झाला की, कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर झालीच पाहिजे.

आणि एक कोकणचे गणित. दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला, परतताना उजव्या. खिडकीची खोली घेणाऱ्याने हे आधी विचारावे. आमची खोली बिनखिडकीची होती, म्हणून हा प्रश्न आला नाही. पण त्यामुळेच पुढचे घडले.

पहाटे चारला तिने मला उठवले. शाल पांघरून आम्ही वरच्या मोकळ्या डेकवर गेलो आणि डाव्या कठड्याला धरून उभे राहिलो. वारा बोचत होता. खाली कुठेतरी यंत्रांची घरघर चालू होती. बोट किनाऱ्यापासून बरीच दूर. लांबवर काळ्या रेघेवर दिव्यांचे बारीक ठिपके, मध्येच एक दीपगृह डोळा मिचकावल्यासारखे उघडझाप करी. १६६४ साली शिवरायांनी ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग त्याच अंधारात कुठेतरी होता. मला काही ओळखू येईना. तिला, त्या अरुंद होत चाललेल्या नजरेने, काय दिसत होते कोण जाणे.

"ते मालवण," ती म्हणाली.

मी ते मालवण आहे की देवगड, कुणाला विचारायला गेलो नाही. वाहतूक नियंत्रकाला सवय असते विचारण्याची, पण त्या वेळी गप्प राहिलो. ती बराच वेळ पाहत होती. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "या बाजूनं किनारा किती लहान दिसतो! तिला आमची बोट केवढी दिसली असेल!" पंचावन्न वर्षे तिने स्वतःला दिसलेली आई आठवली होती. आईला दिसलेली बोट तिला त्या पहाटे आठवली.

गोव्याविषयी फार लिहीत नाही. बोट लागते मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोला. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. उतरावे, पण बोटीवर परतायची वेळ लिहून घेऊन. मी तर दीड तास आधी परत आलो आणि पहारेकऱ्याच्या कौतुकाला पात्र झालो.

आता पलीकडची बाजू. शेवटच्या रात्री मोठी पेटी खोलीबाहेर ठेवायची असते, कारण ती रात्रीतच खाली जाते. मी आज्ञाधारकपणे सगळे भरले आणि पेटी बाहेर ठेवली. सकाळी लक्षात आले की विजारसुद्धा आज्ञाधारकपणे आतच गेली आहे. लेंगा आणि वर कोट अशा वेषात मी मुंबई बंदरात उतरलो. पाहणाऱ्यांना मी कुणीतरी जुना पुढारी वाटलो असेन.

बोट धक्क्याला लागली म्हणजे तुम्ही उतरलात असे नव्हे. गटागटाने सोडतात, पेट्या शोधाव्या लागतात, बाहेर टॅक्सीची रांग असते. दोन-अडीच तास सहज जातात. तेव्हा परतीची गाडी सकाळची घेऊ नये. आमची रात्रीची होती, आणि ती निवड माझी नव्हे, हिची. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवावे. तिथे कुलूप लावलेली पेटीच घेतात, म्हणून कुलूप घरूनच न्यावे.

मोकळ्या दिवसात आम्ही बॅलार्ड इस्टेटीत फिरलो. गेटवेचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेटनेच इथल्या इमारतींचीही आखणी केली. गोदीच्या खोदाईतून निघालेल्या भरावावर हा भाग उभा आहे. इथे धक्क्यालगतच रेल्वेचे स्टेशन होते. विलायतेच्या टपालबोटीतून उतरलेला साहेब थेट गाडीत बसे, आणि १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या हंगामात तिथूनच पेशावरकडे निघे. बोटीला गाडी जोडलेली, गाडीला बोट! ते वाचून माझ्या नियंत्रकाच्या जिवाला फार हेवा वाटला. आता ते स्टेशन नाही. २०२५ साली त्याच बंदरात प्रवासी बोटींच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, पण तिथून स्टेशनपर्यंतची वाट आपली आपणच काढायची आहे.

दुपारी एका बाकावर बसलो, तर बाक हलू लागला. मी घाबरलो. ही हसली. "बोट उतरते आहे अंगातून," ती म्हणाली. "होईल कमी दोन दिवसांत. लहानपणी पण झालं होतं." आणि खरेच, सोलापूरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी जमीन पुन्हा जागेवर आली.

परवा मुलाचा फोन आला. "बाबा, या नोव्हेंबरात पुन्हा जाता का?" मी हिच्याकडे पाहिले. ती थेंब घालून डोळे मिटून पडली होती. डोळे न उघडताच म्हणाली, "जाऊ. बघता येतंय तोवर बघू."

मी डायरी काढली आणि आखणीला बसलो. पहिल्याच ओळीत लिहिले: 'आदल्या दिवशी दुपारी मुंबई. मुक्काम मावशींकडे.' दुसरी ओळ तिने सांगितली: 'जाताना भाऊचा धक्का. भजी.'